उन्हाकडची बाही

मास्तरीणबाईंनी जन्मात कधी कापडाला कात्री लावली नव्हती, तरी सगळे त्यांना मास्तरीणबाईच म्हणायचे. खरे मास्तर म्हणजे त्यांचे यजमान. बाजाराच्या तोंडाशी दोघांचं शिवणाचं दुकान होतं, एकाने वळायचं म्हटलं तर दुसऱ्याने श्वास रोखून धरावा एवढं. पुढे फळीशी मास्तर उभे, मागे मशीनवर बाई बसलेल्या. माप मास्तर घेणार, खडू मास्तर ओढणार, कात्री मास्तर चालवणार. कापलेले तुकडे गुंडाळून मागे सरकवले की पुढचं राज्य बाईंचं. "मी तोडतो, तू जोड," असं मास्तर म्हणायचे आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन मिशीत हसायचे. कात्रीला हात लावायची बाईंना कुणी मनाई केली नव्हती. त्यांनाच धास्ती वाटायची. शिलाई चुकली तर उसवता येते, कापड चुकलं तर काय करायचं?

मग एका सकाळी मास्तर फळीवर खडूची रेघ अर्धी टाकून उभ्या जागीच गेले. मागे ओरडा नाही, आवाज नाही. बाईंनी मशीन थांबवून मान वर केली तर पुढची जागा रिकामी.

त्यानंतरही बायका ब्लाउजपीस घेऊन येत. बाई म्हणत, "कापून आणा, शिवून देते." कापून कोण आणणार? गिऱ्हाईक आटत गेलं, शटर खाली आलं, आणि परदेशातल्या लेकीने फोनवर धोशा लावला, "आई, ये आता इकडे. भिंतींशी किती बोलशील?"

बाई आल्या. लेकीने त्यांची बॅग उघडली आणि कपाळाला हात लावला. लुगड्यांच्या घडीत मास्तरांची मोठी पोलादी कात्री झोपवलेली होती, मुठीला जुन्या धोतराची चिंधी गुंडाळलेली.

"आई, लोक येताना खाऊ आणतात. तू कात्री आणलीस?"

"असू दे गं. मागे एकटी पडली असती."

"कात्री?"

"मग काय मी?"

लेकीने ती कात्री उचलून कपाटात वरच्या कप्प्यात, स्वतःच्या चांगल्या साड्यांशेजारी ठेवली.

लेक सुट्टीच्या दिवशी एका ठिकाणी मदतीला जायची. शहराच्या कडेला एक बंद पडलेला कारखाना होता. दूरच्या मुलखात लढाई पेटली, तिथून घरदार टाकून निघालेल्या लोकांची तिथे सोय केली होती. वरच्या मजल्यांवर पातळ फळ्या ठोकून खोल्या पाडलेल्या, आणि खालच्या लांबलचक दालनात लोकांनी दिलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग. "चल तू पण," लेक म्हणाली. "बटणं तरी लावशील."

पहिल्या दिवशी बाई दारातच थबकल्या. एका म्हाताऱ्याने कमरेला सुतळी बांधून विजार धरून ठेवली होती. एका बाईच्या स्वेटरच्या बाह्या बोटांच्या पुढे लोंबत होत्या, आणि ती त्याच बाह्या सावरत चहाचा कप धरत होती. उघडं कुणी नव्हतं. सगळ्यांच्या अंगावर कपडा होता, पण कुणाच्याच अंगचा नव्हता.

"तुझी कात्री आणायला हवी होती," लेक पुटपुटली.

"तुझ्या बाबांची," बाई म्हणाल्या. पण पुढच्या वेळी त्यांनी ती पिशवीत घातली. दोरे तोडायला म्हणून.

कोपऱ्यात खिडकीशी एक जुनं मशीन होतं. बाईंनी त्याला तेल दिलं, पट्टा बदलला, बॉबिन भरलं, आणि त्या बसल्या. कपडा घेऊन कुणी आलं की लेक म्हणायची, "आई, कुठे आखूड करायचं ते खुणेने विचार, पटकन होईल." बाईंना ते मानवत नव्हतं. त्या माणसाला समोर उभं करायच्या, गळ्यातला टेप काढायच्या आणि मास्तर जे प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणत तेच अस्सल मराठीत म्हणायच्या, "खांदे सोडा. सैल." आणि दोन्ही खांद्यांवर तळहात हलकेच ठेवायच्या.

या लोकांचे खांदे कानापर्यंत चढलेले असत. चालताना, जेवताना, झोपताना सुद्धा चढलेले. बाईंचा हात पडला की आधी दचकत. मग थोडे उतरत, मग आणखी थोडे. तेवढा वेळ बाई टेप हातात धरून उभ्या राहायच्या. मास्तर म्हणायचे, ताठलेल्या माणसाचं माप घेतलं तर कपडा ताठलेल्या माणसाचाच होतो. घरी जाऊन तो बिचारा हसला की काखेत तटतटतो.

बघता बघता ते दोन शब्द सगळ्या इमारतीत पसरले. जिन्यात पोरं एकमेकांच्या खांद्यावर थापा मारून "खांदे सोडा! खांदे सोडा!" ओरडत पळायची. अर्थ कुणाला ठाऊक नव्हता आणि कुणाचं काही अडतही नव्हतं.

मशीनच्या घरघरीत बाई गुणगुणायच्या. आईकडून ओव्यांची चाल आली होती, शब्द त्या आपले आपणच घालायच्या.

सुईच्या नेढ्यातून
दोरा जाई वाकून
फाटल्याला झाकून
जोडी बाई

कपड्यांच्या ढिगांचा धनी एक पोक्त गृहस्थ होता. तोही त्याच मुलखातला, पण बऱ्याच आधी, एकटाच आलेला. इथली भाषा शिकला आणि इथेच कोठी सांभाळायला राहिला. मास्तरीणबाईंनी त्याचं नाव कोठीभाऊ ठेवलं. एकेक मोजा तो असा द्यायचा, जसा काही स्वतःच्या लग्नातला आहेर वाटतोय. त्याच्या स्वतःच्या अंगात एक राखाडी कोट होता, दोन माणसं मावतील एवढा. बाईंनी एकदा टेप दाखवून कोटाकडे बोट केलं तर त्याने हात झटकले आणि लेकीपाशी काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, मी काय, आज आहे उद्या नाही. परत जायचंच आहे. कोटाचं काय घेऊन बसलात."

"किती वर्षं झाली म्हणे त्याला येऊन?"

"ते विचारू नकोस गं आई."

समोरच्याचं बोलणं कोठीभाऊ इथल्या भाषेत सांगायचा आणि लेक ते मराठीत आणायची. दोन हातांतून येता येता त्यातलं बरंच सांडायचं, कारण कोठीभाऊ बोलण्यातही कंजूष होता. समोरचा माणूस हातवारे करून, डोळ्यांत पाणी आणून घटकाभर बोलला तरी कोठीभाऊ म्हणायचा, "चेन बिघडली आहे."

"एवढ्यात रामायण सांगून झालं असतं," बाई लेकीला म्हणायच्या, "आणि हा म्हणतो चेन बिघडली!"

एके दिवशी दुपारी एक तरुण बाई आली. केस कानाशी कापलेले, त्यात वयाआधीच आलेली पांढरी झाक. तिच्याबरोबर एक पोर होती. ती एका जागी ठरत नव्हती, ढिगाभोवती, खांबाभोवती, मशीनभोवती फिरत होती. अंगात कुणा पुरुषाचा शर्ट, घोट्यापर्यंत आलेला. मास्तरीणबाईंनी मनात तिला भिंगरी म्हणून टाकलं.

त्या बाईने काखेतलं बोचकं सोडलं आणि टेबलावर एक कापड पसरलं. पडदा होता. एका अंगाने पोपटी, त्यावर हळदीच्या रंगाची बारीक फुलं, अजून ताजी. कडेचा एक पदर उलटा पडला होता, तो उन्हाने विटलेला. पडदा चुण्यांनी लटकायचा ना, म्हणून चुणीचा जो भाग उन्हाकडे होता तो पांढुरका, जो आत दडला होता तो हिरवट, असे पट्टेच्या पट्टे उठले होते. आणि मधोमध, जिथे कधीतरी घट्ट गाठ मारली होती, तिथे कापड इतकं चुरगळून विरलं होतं की इस्त्रीनेही सरळ झालं नसतं.

ती बोलू लागली. खूप बोलली. पडद्यावर हात फिरवत, पाठीकडे हात नेऊन काहीतरी बांधल्यासारखं करत, पोरीकडे बोट दाखवत. कोठीभाऊ ऐकत होता.

"फ्रॉक पाहिजे," तो म्हणाला.

लेकीने मराठीत आणायचीही तसदी घेतली नाही. ती कोठीभाऊकडे नुसती बघत राहिली. मास्तरीणबाई म्हणाल्या, "त्याला सांग, सगळं सांगितल्याशिवाय मी सुईत दोरा ओवणार नाही."

मग कोठीभाऊने खाकरून सगळं सांगितलं. घर सोडायची वेळ आली तेव्हा या बाईने खिडकीवरचा पडदा ओढून काढला, रांगती पोर पाठीवर घेतली आणि पडद्याने बांधली. नवराही बरोबर होता. वाटेत नाक्यावर झुंबड उडाली. बायकांना एका गाडीत चढवलं, पुरुषांना दुसरीत. गाड्या दोन वाटांनी गेल्या. त्यानंतर आजपर्यंत त्याचा पत्ता नव्हता. आता लागला होता. पुढच्या आठवड्यात तो बसने इथे येणार होता.

"तो ओळखेल की नाही याची तिला धास्ती आहे," लेक हळू आवाजात सांगत होती. "पोर तेव्हा रांगत होती. आणि ही म्हणते, माझंही तोंड आता ते राहिलेलं नाही. त्याने शेवटचं पाहिलं ते पडद्यात बांधलेलं पोर. हा पडदा त्यानेच आणला होता, लग्नानंतर, स्वतःच्या हाताने खिळा ठोकून लावला होता. म्हणून पोरीच्या अंगात हेच कापड हवंय. लांबून दिसावं असं."

कोठीभाऊ मध्येच बोलला, की ढिगात चांगले फ्रॉक आहेत, एक तर कोरा करकरीत. ती बाई त्याच्याकडे वळलीही नाही.

मास्तरीणबाईंनी टेबलावरचा हात मागे घेतला. "अगं, पण मला कापता कुठे येतं? सांग तिला. मी शिवणारी. कापणारा गेला."

ते दोन हातांतून तिकडे पोचलं. ती बाई टेबलावरच्या कात्रीकडे बघत राहिली. मग तिने पडदा हाताने आणखी पुढे, बाईंच्या बाजूला सरकवला आणि काहीतरी म्हणाली.

"ती म्हणते, पडदा ओढून काढताना तिलाही भीती वाटली होती. पण पोर बांधायला दुसरं काहीच नव्हतं."

मास्तरीणबाईंनी भिंगरीला धरून समोर उभं केलं. "खांदे सोड गं बाळ." पोरगी खिदळली आणि तिनेच उलट बाईंचे खांदे दाबून दाखवले.

पडदा काही ती बाई तिथे ठेवून जाईना. रोज संध्याकाळी घडी करून वर नेई, दुपारी परत आणी. बाईंनी आधी वर्तमानपत्राच्या कागदावर सगळं कापून पाहिलं. पुढचा भाग, मागचा भाग, बाही, घेर. कागद पोरीच्या अंगाला लावला, टाचण्या टोचल्या, परत कापला. घरी लेकीच्या जेवणाच्या टेबलावरही कागदच. जावयाला वर्तमानपत्र मिळायचं ते बाह्या गेलेलं.

मग कापायचा दिवस उजाडला. दालनात ऊन आलं होतं. बाईंनी हात धुतले, पुसले, परत धुतले. कापड एकेरीच पसरलं. दुहेरी घडी घालावी तर पुरत नव्हतं, मधली गाठीची जागा टाकून द्यावी लागत होती. इकडून तिकडून, आडवं उभं, कागद सरकवत सरकवत त्यांनी कसंबसं बसवलं. कात्रीची मूठ धरली. त्या चिंधीवर मास्तरांच्या अंगठ्याचा खळगा पडला होता. बाईंचा अंगठा त्यात निम्माच भरला.

"घाबरू नकोस आई," लेक म्हणाली.

"तू तिकडे बघ. तू बघितलंस की माझी कात्री अडते."

पहिला घाव बसला तो आवाज बाईंना ओळखीचा होता. आयुष्यभर तो पुढून ऐकू आला होता, आज हाताखालून आला. पाती चालत गेली, कापड दोन बाजूंना शांतपणे सरत गेलं, आणि बाईंच्या लक्षात आलं की आपण श्वास रोखला आहे. समोर ती बाई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. तिनेही रोखला असावा. कापून झालं तेव्हा दोघींनी एकदमच सोडला, आणि एकमेकींकडे बघून हसल्या.

दुसऱ्या दिवशी अंग जुळलं, घेराला चुण्या पडल्या, गळ्याला पट्टी बसली. बाईंनी डावी बाही जोडली. झकास. उजवी घेतली, खांद्याच्या मुंढ्याला लावली आणि बोटं थांबली. फिरवून लावली. परत फिरवली. मग बाही टेबलावर ठेवून त्या तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

"काय झालं?" लेकीने विचारलं.

"दोन्ही डाव्या."

"म्हणजे?"

"बाहीला पुढची बाजू वेगळी, मागची वेगळी. पुढचा बाक खोल असतो. तुझे बाबा कापड दुहेरी घालून कापायचे, मग दोन बाह्या एकमेकींकडे तोंड करून निघायच्या, जुळ्यांसारख्या. मी एकेरी कापडावर तोच कागद दोनदा तसाच ठेवला. दुसऱ्या वेळी उलटा करायला हवा होता. शिकाऊ पोरगं सुद्धा अशी चूक करत नाही गं!"

उरल्या होत्या त्या चिंध्या आणि गाठीची ती विरलेली जागा. बाईंनी चिंध्या जोडून पाहिल्या, मोजून पाहिल्या. बाही निघत नव्हती.

"अशीच शिवून टाक ना," लेक म्हणाली. "लहान पोर आहे, कोण बघतंय इतकं?"

"ओढ बसेल. हात वर करायला गेली की काखेत अडकेल. बापाला हात दाखवायचा आहे तिला, आणि तोच हात मी बांधून ठेवू?"

ढिगात शोधून झालं. पोपटी काही मिळालं नाही. एकच वाट होती. बाही उलटी करायची, आतली बाजू बाहेर आणायची. मग ती उजव्या हाताला बरोबर बसत होती. पण मग फुलं आत जात होती आणि बाहेर येत होते ते पांढुरके, उन्हाने खाल्लेले पट्टे. एक बाही तरणी, एक म्हातारी. जे कापड तिने एवढ्या वाटेने पाठीवर आणलं, रोज घडी करून उशाशी घेतलं, त्याचं आपण हे केलं.

ती बाई आली तेव्हा मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. गिऱ्हाइकाचं कापड बिघडलं की मास्तर उभं राहून सांगत, बसून नाही. "भाऊ," त्या कोठीभाऊला म्हणाल्या, "तिला सांगा, कापताना माझी चूक झाली. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या झाल्या. एक उलटी लावावी लागेल. सगळं सांगा, आखूड करू नका."

लेकीने सांगितलं, कोठीभाऊने सांगितलं. या वेळी त्याने खरंच काही सांडू दिलं नसावं, कारण त्या बाईचा चेहरा उतरत गेला. तिने हात पुढे केला. बाईंनी बाही तिच्या हातात दिली, विटलेली बाजू वर.

ती त्या पट्ट्यांकडे बघत बसली. एका पट्ट्यावरून बोट फिरवलं, दुसऱ्यावरून फिरवलं. मग दोनच शब्द बोलली.

कोठीभाऊने चष्मा काढला, त्या अजस्र कोटाच्या टोकाने पुसला.

"अहो, काय म्हणाली?" लेकीने दोनदा विचारलं.

"म्हणाली, 'त्याची बाजू.'"

आणि मग कोठीभाऊ आपण होऊन बोलू लागला. तिला काही विचारायचा, ऐकायचा, पुन्हा बोलायचा. इतकं सलग तो कधी बोलला नव्हता. ही घरात असायची, तिला आतून फुलं दिसायची. तो दिवसभर बाहेर. संध्याकाळी कामावरून येताना कोपरा वळला की वर खिडकीकडे बघायचा, आणि रस्त्यावरून त्याला दिसायची ती ही बाजू. उन्हाची. पडदा अर्धा सरकवलेला असला तर ही जागी आहे, सगळा ओढलेला असला तर पोर झोपली आहे, हळू ये. फुलं त्याने आणताना पाहिली असतील तेवढीच. घरात शिरला की आत अंधार असायचा. त्याचा पडदा हा, पट्ट्यांचा. "ती म्हणते, माझ्या हे ध्यानातच आलं नाही. मी माझीच बाजू बाहेर घालून पोरीला उभं करणार होते."

दालनात कुठेतरी कुणी कपड्यांचं पोतं आपटलं. भिंगरी खांबाभोवती फिरत होती.

कापलेलं परत येत नाही हे मास्तरीणबाईंना लहानपणापासून माहीत होतं. कापताना चुकलेलं कुणी असं दोन्ही हातांनी उचलून घेतं, हे माहीत नव्हतं. त्यांनी खाली वाकून त्या बाईचा चेहरा ओंजळीत घेतला. "चूक ती चूकच गं. तू पदरात घेतलीस, हे तुझं मोठेपण."

लेकीने हे कोठीभाऊला सांगायला तोंड उघडलं तर त्यानेच हात वर केला. राहू द्या, पोचलं.

बस यायच्या सकाळी फाटकाशी बरीच माणसं जमली होती. ज्यांचं कुणी येणार नव्हतं तेही उभे होते. मास्तरीणबाईंना बाहेर जाववलं नाही. त्या मशीनवर बसून राहिल्या, तोंडात टाचण्या धरून, समोर कुणाची तरी विजार घेऊन. खिडकीतून पायऱ्या दिसत होत्या. पायऱ्यांवर ती बाई, आणि तिच्यापुढे भिंगरी, पोपटी फ्रॉकात. केसांना उरल्या चिंधीची फीत.

बस आली. माणसं उतरू लागली, सगळी एकसारखी, एकसारख्या रंगाची, हातात एकेक पिशवी, खांदे कानापर्यंत. बाईंना कळेना कुणाकडे बघावं. एक जण उतरून बाजूला उभा राहिला. त्याची नजर पायऱ्यांवरून फिरली. त्या बाईवरून फिरली आणि पुढे गेली.

बाईंच्या तोंडातली एक टाचणी खाली पडली. "हाक मार," त्या खिडकीच्या काचेला म्हणाल्या. "अगं, हाक मार ना!"

तिला हाक फुटत नव्हती.

भिंगरीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. एवढी माणसं आली, कुणीतरी हात करायला हवा, म्हणून तिने केला. उजवा हात, उन्हाकडच्या बाहीचा, सरळ डोक्यावर, काखेत कुठेही न अडकता.

तो माणूस थांबला. त्याने पोरीचं तोंड पाहिलं नाही, आईचंही पाहिलं नाही. बाहीकडे बघत तो चालू लागला, जसं कुणी कोपरा वळल्यावर वर बघत चालावं तसं. पायरीपाशी आला आणि गुडघ्यांवर बसला. बाहीचं टोक त्याने अंगठ्याच्या आणि बोटाच्या चिमटीत धरलं, जरासं उलटवलं. आत फुलं होती. मग त्याने मान वर केली आणि त्या बाईकडे पाहिलं.

तो तसाच गुडघ्यांवर, पाठ ताठ, खांदे चढलेले, जणू अजून कुणीतरी मागून ओढून नेईल.

भिंगरीने त्याला जरा निरखलं. मग दोन्ही हात पुढे केले, एक फुलांचा, एक उन्हाचा, त्याच्या दोन खांद्यांवर ठेवले आणि खणखणीत मराठीत म्हणाली, "खांदे सोडा."

त्याला ते कळायचं काही कारण नव्हतं. पण त्याचे खांदे उतरले. आधी थोडे, मग एकदम सगळेच, आणि ती बाई पायरीवरून खाली आली.

मास्तरीणबाईंनी टाचण्या तोंडातून काढून डबीत ठेवल्या. पदराने डोळे पुसले, नाक पुसलं. लेक धावत आत आली. "आई, पाहिलंस? तिकडे ती त्याला काय सांगतेय माहितेय? कोठीभाऊ म्हणतात—"

"नको सांगूस. एवढं समजलं मला."

लेक मशीनपाशी खाली बसली आणि लहानपणी दुकानात बसायची तशी तिने आईच्या मांडीवर डोकं टेकलं. बाईंनी तिच्या केसांतून हात फिरवला. त्यांना मास्तरांची आठवण आली, पण रोज येते तशी नाही. आज ती समोर फळीशी उभी होती आणि मिशीत हसत होती. तुम्ही होतात तोवर मला कापायची वेळ आली नाही, बाईंनी त्यांना मनात सांगितलं, आणि आज ज्या बाईजवळ एकच कापड होतं तिने ते माझ्या कात्रीखाली सरकवलं. कुणाचे पाय धरू मी? तिचेच धरायला हवेत.

कुणाच्या घरचं ऊन
आलं गाठी मारून
माझ्या हाती देऊन
गेली बाई

पुढे सावली पडली म्हणून त्यांनी मान वर केली. कोठीभाऊ उभा होता. अंगातला राखाडी कोट त्याने काढला आणि टेबलावर पसरला. इतक्या दिवसांत त्याला कोटाशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. आत एक बारीकसा, नीटनेटका माणूस होता. तो काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणतो?" बाईंनी विचारलं.

लेक उठून बसली. "म्हणतात, थंडीपर्यंत तरी इथेच आहे. तर माझंही माप घ्या."

बाईंनी गळ्यातला टेप काढला. खांदे सोडायला सांगावं लागलं नाही. माप घेऊन झाल्यावर त्यांनी कोटाची घडी घातली, नीट दुहेरी, कडेला कड लावून. मग खडू उचलला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ पुरी ओढली.